जोहार ते जय भीम

मनुष्याचे विचार बोलीत घडतात. ज्या बोलीत उच्चनीचतेच्या पायऱ्या आहेत, त्या बोलीत वाढलेल्या मनातही त्याच पायऱ्या बांधल्या जातात. आपली मराठीच पाहा. ‘ये’, ‘या’, ‘यावे’ या एकेका क्रियापदावरून बोलणाऱ्याने समोरच्यास कोणत्या पायरीवर उभे केले, ते कळते. गावगाड्यात पाटलाचे पोरही वृद्ध महारास एकेरी हाक मारी, आणि तो वृद्ध ‘जोहार, मायबाप’ म्हणून वाके. त्या जोहाराचे उत्तर जोहाराने देण्याची रीत नव्हती. ‘जय भीम’चे तसे नाही. एकाने जे शब्द उच्चारावे, तेच दुसऱ्याने परत करावे. अभिवादन बरोबरीचे झाले की मानही बरोबरीने ताठ होते.

परंतु शब्द देणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकाद्वारे अस्पृश्यांस ‘हरिजन’ हे नाव देण्यात येत होते. अस्पृश्यांच्या प्रतिनिधींचा विरोध बहुमताने डावलला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या पक्षासह सभात्याग केला. नाव गोड असले तरी ते दुसऱ्याने लादलेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या वाडवडिलांनी ‘बौद्ध’ हे नाव स्वतः स्वीकारले. त्याचे मोल यातच आहे.

कायद्याची भाषाही बदलली. १९५५ चा ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम’ १९७६ पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. पूर्वीच्या नावात आपल्यावरील कलंक होता. आताच्या नावात आपला हक्क आहे. २०२० साली महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तथापि कायदा वस्तीची पाटी बदलील. घरातील जीभ कोण बदलणार?

म्हणून प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत पाहावे. दारी येणाऱ्या वयस्क सफाई कामगारास आपण ‘अहो’ म्हणतो काय? जावयास ‘यावे, बसावे’ म्हणणारे आपण सुनेशी कोणत्या स्वरात बोलतो? भांडणात दुसऱ्याची जात काढणारी म्हण आपल्या मुलांच्या कानी पडते काय? मूल प्रथम आपल्या घरचे बोलणे शिकते. पुस्तक नंतर येते.

ज्यांनी जोहार घालणे सोडले, त्यांनी दुसऱ्याकडून जोहाराची अपेक्षा करणेही सोडले पाहिजे.

जय भीम!