शिंका आणि एअर प्युरिफायर

सौ.च्या शिंकांनी रात्र-रात्र झोप नाही. आपलं जालना केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतलं शहर, तेव्हा खिडकी उघडून भागेना. म्हणून प्युरिफायर घ्यायला निघालो. कर्जाचे कागद तपासावेत तसं माहितीपत्रक वाचलं. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर १७० पाहिजे. दुकानदार १०० वालं गळ्यात मारत होता! फिल्टर खरा हेपाच घ्या, ओझोन सोडणारं यंत्र नकोच. फिल्टर बदलायचा खर्चही आधीच विचारा. पण गादीतले धूळकिडे यंत्र ओढत नाही हो! चादरी, अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायला लागलो, तेव्हा कुठे तिला झोप लागली. आता कमिटीला एकच विनंती, जिना कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.