बोट त्यांचेच असू द्या
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी साधा हायस्कूलचा मास्तर, आणि तोही निवृत्त. चिटणीससाहेबांनी मला शिक्षणावर बोलायला सांगितले. मी त्यांना म्हटले, शाळेत येणाऱ्या मुलांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शिक्षणाविषयी बोलेन. विषय आहे मोबाइल फोन. सरकारी कागदावर त्याला भ्रमणध्वनी म्हणतात, पण त्या नावाने त्याला हाक मारणारा मला अजून भेटलेला नाही.

माझी थोरली बहीण रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावी राहते. वय 76. आम्ही तिला आपा म्हणतो. 1978 च्या सुमारास आमचे भावोजी कुवेतला नोकरीस होते. आपाचे शिक्षण चौथीपर्यंत. पत्र लिहून घ्यायचे तर माझ्याकडून, आणि धाकट्या भावाला सांगून नवऱ्याला पत्रात काय लिहिणार? 'आम्ही सर्व खुशाल आहोत' एवढेच. मग भावोजींनी टेपरेकॉर्डर आणला. त्या काळी कोकणातल्या कितीतरी घरांत ही रीत होती, हे इथे बसलेल्या वयस्क मंडळींना आठवत असेल. लाल बटण आणि शेजारचे बटण एकदम दाबायचे, बोलायचे, आणि कॅसेट कुणी तिकडे जाणारा असेल त्याच्या हाती द्यायची. आपा खोलीचे दार लावून घेई आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू भरी. त्यात काय असे, ते आम्हाला कधी कळले नाही, आणि कळण्याचे कारणही नव्हते.

हीच आपा चार वर्षांपूर्वी मुलाने कतारहून पाठवलेला स्मार्टफोन जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवून बसली. 'बिघडला तर?' म्हणे. मी तिला शिकवायला गेलो. मित्रहो, मी 34 वर्षे गणित शिकवले. मुलाच्या हातातला खडू काढून घेऊन आपणच उदाहरण सोडवून दाखवले, तर मूल शिकत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. पण घरात मी मास्तर राहिलो नाही. तिचे बोट चुकले की 'दे इकडे' म्हणून फोन ओढून घ्यायचो, दोन सेकंदांत काम करून परत द्यायचो. तिसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, 'तूच ठेव तो. तुला येतो ना.'

त्यानंतर पाच महिने ती मुलाचा आवाज शेजारणीच्या फोनवर, चार माणसांसमोर ऐकत होती. म्हणजे पत्र लिहून घेण्याचे दिवस पुन्हा आले, आणि ते माझ्यामुळे आले.

पुढे मी नीट पाहिले, तिचे नेमके चुकते कुठे. दोष बुद्धीचा नव्हताच. या फोनच्या काचेला दाब कळत नाही. बोटातून वाहणारी अत्यल्प वीज कळते. आयुष्यभर पाटा-वरवंटा आणि शेतीचे काम केलेले बोट कोरडे आणि निबर होते, आणि अशा बोटाचा स्पर्श काचेला पुष्कळदा लागतच नाही. मग माणूस अधिक जोराने दाबतो. बोट रेंगाळते, आणि बोट रेंगाळले की फोनला भलताच हुकूम जातो. चित्रे हलू लागतात, नको ती यादी उघडते. माणसाला वाटते, आपण काहीतरी मोडले. शिवाय टेपरेकॉर्डरच्या एका बटणाला जन्मभर एकच काम असे. इथे काचेवरच्या त्याच जागेचे काम दर घटकेला बदलते. घाबरायला हे कारण पुरेसे नाही काय?

उपाय साधे निघाले. बोट किंचित ओलसर करून टेकवायचे आणि लगेच उचलायचे. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो. तिथे बोट किती वेळ ठेवल्यावर फोनने ते 'धरून ठेवले' असे समजावे, ती मुदत वाढवता येते. अक्षरे मोठी केली, फोनची भाषा मराठी केली. आणि मी हात पाठीमागे बांधून बसलो. हे सर्वांत कठीण गेले.

पहिला धडा मी व्हॉट्सअ‍ॅपच्या माइकचा दिला. 2013 पासून ही सोय आहे. म्हटले, 'आपा, हे तुझे लाल बटण.' ते धरून ठेवायचे, बोलायचे, सोडले की निरोप गेला. गंमत पाहा, इतरत्र जे बोट रेंगाळते म्हणून मी चिडत होतो, ते इथे रेंगाळावेच लागते! तिने फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, 'तू बाहेर जा.' मी गेलो. दार लागले.

आता ती माइकवर बोलून मराठीत मजकूरही उमटवते. गूगलने 2017 मध्ये मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत ही सोय दिली. नातवाच्या फोटोवर दोन बोटे फाकवून त्याचे पुढचे पडलेले दात पाहत बसते. पैशांचे व्यवहार मात्र ती फोनवर करत नाही, आणि मीही आग्रह धरत नाही. 2016 मध्ये यूपीआय आले तेव्हापासून मी ते वापरतो, पण तिला त्याची गरज वाटत नाही. तिला दोनच गोष्टी पाठ करून दिल्या आहेत. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. आणि फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही, समोर गणवेशातला माणूस दिसला तरी. फसवणूक झालीच तर 1930 हा क्रमांक लगेच फिरवायचा. या बाबतीतल्या भीतीला मी भित्रेपणा म्हणणार नाही; माझ्या ओळखीचे शिकलेले लोक यात फसले आहेत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी अशी आपा, दादी, नाना असतील. त्यांच्यासमोर हे सारे तुम्ही फार वेगाने करता. वहीवर त्यांच्याच हाताने पायऱ्या लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर चित्र काढून द्या. आणि कुणाला कोणता धडा आधी हवा, ते त्यांनाच ठरवू द्या. एका गृहस्थांना फक्त जुन्या कव्वाल्या ऐकायच्या होत्या. तेवढे शिकले, आणि महिन्याभराने बाकीचे विचारायला आपणहून आले.

येत्या शनिवारपासून दुपारी तीन ते पाच शाळेचे वाचनालय यासाठी उघडे ठेवण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे. नववीची मुले-मुली शिकवतील, मी हात बांधून बसेन. महिलांची बसण्याची व्यवस्था वेगळी हवी असल्यास तीही होईल. ज्यांना यायचे आहे त्यांनी फोन तर आणावाच, पण चार्जर आणि चष्मा विसरू नये.