वायरिंगच्या कागदावर सही कोणाची?

(रेडिओ भाषणाचा संपादित भाग)



उन्हाळा लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी कुलर बाहेर निघतात. बाहेरून पत्रा, आत पाणी, पाण्यात पंप आणि भोवती अनवाणी फिरणारी मुले. कुलरचा करंट लागून कोणी दगावल्याची बातमी विदर्भात उन्हाळ्यात वाचायला मिळतेच. आपण म्हणतो, कुलर खराब होता. पण कुलर बिघडला तरी माणूस वाचावा, अशी सोय घराच्या वायरिंगमध्ये करता येते.

या सोयीचे दोन भाग आहेत. पहिला अर्थिंग. जमिनीत पुरलेली प्लेट किंवा पाइप आणि तिथून प्रत्येक थ्री-पिनच्या मोठ्या भोकापर्यंत आलेली हिरवी तार. पत्र्यात करंट उतरला, तर तो या वाटेने जमिनीत जातो. दुसरा भाग ईएलसीबी. आता दुकानात आरसीसीबी मिळतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला नाही, की तो पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. एमसीबी असला म्हणजे झाले, असे समजू नका. एमसीबी तारेला वाचवतो. माणसाचा जीव घेणारा करंट इतका थोडा असतो, की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्याचा खर्च टाळायला काही जण थ्री-पिनच्या मोठ्या भोकात न्यूट्रलचीच तार जोडून देतात. दिवे लागतात, कुलर फिरतो, घरमालक खूश. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली, की चालू कुलरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊन उभे राहतात.

म्हणूनच हे काम कोणी करावे, ते कायद्याने ठरवून दिले आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमात ते होते; पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या विनियमांतही आले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला हरकत नाही. नवे वायरिंग किंवा वाढीव फिटिंग मात्र परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करून घ्यायचे. आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण झाले. परवाना ही वेगळी गोष्ट आहे.

आमगाव घ्या, सालेकसा घ्या, देवरी घ्या. काम बहुधा गावातला ओळखीचा पोरगा करतो. नवीन मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट जोडायची वेळ आली, की कंत्राटदाराची आठवण होते आणि घर न पाहताच सही-शिक्का मिळतो. असा कागद अर्जाला चालेल, तुमच्या लेकराला वाचवणार नाही. पोरगा हुशार असेल, तर त्याला कंत्राटदाराच्या हाताखाली काम करू द्या. त्याचीही रोजी राहील आणि त्याला शिकायलाही मिळेल.

तुम्ही काय करायचे? काम देण्याआधी परवाना मागा, त्यावरचे नाव आणि मुदत वाचा. अर्थिंग आणि ईएलसीबीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या. काम झाल्यावर मेगर लावून तारांची तपासणी समोर करायला सांगा. ५०० व्होल्टवर निदान १ मेगओहम यायला हवा. अर्थिंगही मोजायला लावा आणि दोन्ही आकडे रिपोर्टवर लिहून घ्या. जुने कवेलूचे घर असेल, तर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवरच्या तारा आधी तपासून घ्या.

पुढची काळजी घरच्यांची. ईएलसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. पुरवठा बंद झाला पाहिजे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका. कुलरमध्ये पाणी भरताना मात्र आधी प्लग काढा, केवळ बटण बंद करून थांबू नका.

आणि टेस्ट रिपोर्ट हाती आला, की सही करणाऱ्याला आदराने एवढे विचारा : भाऊ, तुम्ही आमचे घर पाहिले कधी?