महिने न भरलेले बाळ आणि त्याचे बाळसे

भिलाईच्या हुडको वसाहतीतील एखाद्या मराठी घरातली सून पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला वा अमरावतीला माहेरी जाते आणि तीन महिन्यांनी बाळ घेऊन परतते. बाळ महिने भरण्यापूर्वीच जन्मलेले असते. शेजारीण मांडीवर घेऊन म्हणते, “अगं, अजून बाळसं नाही धरलं यानं!” त्या एका वाक्याने आईची झोप उडते.

वस्तुतः चूक असते ती वयाच्या हिशेबात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. ३२व्या आठवड्यात आलेले बाळ १३ आठवड्यांचे झाले, तरी पूर्ण ४० आठवड्यांच्या हिशेबाने ते पाचच आठवड्यांचे ठरते. दोन वर्षांपर्यंत त्याचे वजन, लांबी व डोक्याचा घेर या सुधारित वयाशी ताडून पाहावयाचा असतो. त्यासाठी जन्मवेळचे आठवडे व वजन नोंदलेला कागद हवा, आणि नेमका तोच माहेरच्या कपाटात राहतो! बाळंतविड्याच्या आधी तो बांधून घ्यावा.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळातील, २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत घेतला. दिवस अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी, अशी मुले उंचीत मागे राहिली. आईवडिलांच्या उंचीचाही त्यात वाटा होताच. म्हणजे ‘लवकर जन्मले’ एवढे म्हणून भागत नाही. पोटात असताना वाढ कशी झाली, हेही पाहावे लागते.

मग भरपूर खाऊ घालून ही उणीव भरून काढावी काय? पहिल्या महिन्यांत वाढीचा वेग हवाच. ज्याला ओढून पिता येत नाही, त्याला आईचेच दूध काढून बोंडल्याने पाजावे. परंतु पुढे शाळकरी वयात तूप-साखरेने आणलेला गुटगुटीतपणा निराळा. पुण्यातच आठ वर्षांच्या ४७७ मुलांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती केवळ अपुऱ्या दिवसांच्या मुलांची नव्हती. तरी जन्मतः हलकी व आठव्या वर्षी थोराड झालेल्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली.

म्हणून नुसता काटा पाहू नये. वजन झपाट्याने चढत आहे आणि उंची मात्र अडली आहे, असे दिसताच तो जुना कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे.