नाबोथाचा मळा आणि आपली चिठ्ठी
(जळकोट येथे उपासनेनंतर केलेले भाषण)



अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथ देईना, तेव्हा ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला. त्या मळ्यातली भाजी बाजारात आली असती, तर टोपलीवर नाव कोणाचे असते? राजाचेच. घेणाऱ्याला काही कळलेही नसते.

हा प्रश्न जुना नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये युरोपियन संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की, इस्राएलने 1967 पासून ताब्यात ठेवलेल्या प्रदेशातील अन्नपदार्थांवर नुसते ‘इस्राएल’ लिहून भागणार नाही. प्रदेशाचे नाव हवे, आणि माल तिथल्या इस्राएली वसाहतीचा असेल तर तेही लिहावे. विक्रीला बंदी नाही. घेणाऱ्याने खरे वाचून आपल्या विवेकाने ठरवावे, एवढेच.

आपल्याकडे बेळगाव-निपाणीचा सीमावाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण कोल्हापुरी चप्पल दोन्हीकडे बनते. म्हणून तिचे भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांना मिळून आहे: इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपले शेजारचे सोलापूर, तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जमिनीचा वाद सुटला नाही, तरी कारागिरांचा मान दोघांनी मान्य केला.

आता स्वतःचे सांगतो. पारधी वस्तीवरच्या बहिणी आपल्या विक्रीसाठी गोधड्या शिवतात. त्यांवरच्या चिठ्ठीवर मी फक्त ‘मिशन’ लिहीत आलो. कारण? ‘पारधी’ वाचले तर लोक घेणार नाहीत, ही भीती. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायद्याने पुसला गेला. मी मात्र तो मनात जपून ठेवला होता.

मागच्या महिन्यात एका बहिणीने चिठ्ठी हातात घेऊन विचारले, “दादा, हे काय लिव्हलंय?” मी वाचून दाखवले. ती म्हणाली, “मंग शिवली कुणी?” मला उत्तर देता आले नाही. नाव घालू का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “घाला. पण नाव बघून माल परत आला, तर आमचं पैसं कापू नका.”

तिची अट रास्त आहे. म्हणून या नाताळच्या विक्रीपासून चिठ्ठीवर शिवणारीचे नाव व वस्ती येईल. जिला नाव नको असेल, तिचे घालणार नाही. गोधडी विकली जावो वा न जावो, मजुरी आधी दिली जाईल. त्यासाठी लागणारी रक्कम मी आज तुमच्याकडे मागतो आहे.

एलीया राजाकडे गेला तो नाबोथाच्याच मळ्यात, आणि मळा कोणाचा हे त्याने तोंडावर सांगितले. आपल्याला एवढे धैर्यही लागत नाही. चिठ्ठीवर दोन ओळी खऱ्या लिहायच्या आहेत. प्रभू आपणास साहाय्य करो. आमेन.