फोटोच्या पाठीमागची दोन अक्षरे

आज मी तुमच्याशी फोटोंविषयी बोलणार आहे; पण नामांकित छायाचित्रकारांच्या फोटोंविषयी नव्हे. तुमच्या-माझ्या घरातल्या पेटीत, जुन्या पत्रांच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली जे दहा-वीस फोटो पडून असतात ना, त्यांच्याविषयी. कुणाचे डोके कापले गेलेले, कुणाचे डोळे मिटलेले. हौशी माणसाने हौसेने काढलेले.

आमच्या घरातले असे फोटो माझ्या काकांनी काढले. आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, काका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्याजवळ आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. हा कॅमेरा बडोद्याला तयार होई आणि त्या काळी देशभर घरोघरी पोचला होता. ऊन की ढग, एवढेच ठरवायचे आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये फोटो मात्र बाराच. त्यामुळे काका फार विचार करून फोटो काढीत. एक रोल संपायला कधी कधी वर्ष लागे.

रोल धुवायला ते अकोल्याला जात. दर्यापूरहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने अकोला. शकुंतला म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे. तिचे वाफेचे इंजिन 1994 साली जाऊन डिझेलचे आले आणि पुढे गाडीही थांबली. काकांच्या एका फोटोत माझी आत्या खिडकीतून हात बाहेर काढून डबा घेते आहे. काकांना फोटो काढायचा होता बहिणीचा. पण आज मी तो वर्गात दाखवतो तेव्हा मुले डब्याची लाकडी बाके पाहतात, फलाटावरची गाठोडी पाहतात, आणि विचारतात, "सर, ही गाडी खरंच आपल्याकडे होती?" साध्या फोटोचे असे होते. काढताना तो एका माणसाचा असतो, पन्नास वर्षांनी तो साऱ्या गावाचा होतो.

आता ज्या फोटोसाठी मी हे भाषण करतो आहे, त्याच्याकडे वळतो. तो पोळ्याचा आहे. बैलजोडी दारात उभी आहे, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. कडेला माझी आजी पुरणपोळीचे ताट घेऊन उभी आहे आणि कशाला तरी हसते आहे. आजीचा हा एकच फोटो आहे. ती वारल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून ह्याच फोटोतून तिचा चेहरा तेवढा काढून मोठा करून घेतला. भिंतीवरची आजी गंभीर देवीसारखी दिसे. मूळ फोटो हाती आला तेव्हा मला कळले, की ती हसत होती आणि तिच्या हातात ताट होते.

पण त्या फोटोत आणखी एक माणूस आहे. बैलांची वेसण धरून उभा असलेला, चाळिशीचा, नव्या धोतरातला. धोतरावर घडीच्या रेघा अजून दिसतात. पोळ्याला सालदाराला नवे कापड द्यायची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. मी फोटो उलटून पाहिला. मागे काकांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'पोळा, 1974', आणि त्याखाली दोन्ही बैलांची नावे. माणसाचे नाव नव्हते.

काकांना दोष कसा देऊ? बैल बदलत असत, म्हणून त्यांनी बैलांची नावे लिहिली. माणसांची नावे कोण विसरणार, असे त्यांना वाटले असेल. पण काका गेले, वडील गेले. थोरल्या चुलतभावाला विचारले, तर तो म्हणाला, "आपला सालदार होता, मला खांद्यावर घेऊन वावरात नेत असे." नाव? नाव आठवेना. ज्याच्या घामावर आमचा कापूस वीस वर्षे पिकला, त्याचे नाव आमच्या घरात कुणालाच येत नव्हते. मला शरम वाटली.

फोटो खिशात घालून मी गावी गेलो. दोन-तीन पारांवर विचारले. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले, याची लेक अकोल्याला दिली आहे. पत्ता काढत तिच्या दारी पोचलो. बाई सत्तरीच्या आसपासच्या. मी म्हटले, "मावशी, हे कोण, ओळखता का?" त्यांनी फोटो हातात घेतला, उन्हात धरला आणि एकदम खाली बसल्या. "भाऊ, हा त माहा बाप व्हय! माह्याजोळ यायचा एकबी फोटू नाही." पदराने त्या फोटो पुसत राहिल्या, आणि मग त्यांनी मला वडिलांचे नाव सांगितले.

श्रोतेहो, ही चूक केवळ आमच्या काकांची नाही. आपल्याकडे फोटोची कला आली तेव्हापासूनची आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या आरंभीच्या हौशी मंडळींपैकी एक. त्या काळी मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांचे फोटो काढून त्यांचे संग्रह छापले गेले. त्यांखाली बहुधा जात लिहिलेली असते, धंदा लिहिलेला असतो. त्या माणसाला आई कोणत्या नावाने हाक मारी, ते नसते.

उलट आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे पाहा. टिळकांचे सहकारी, मोठे वकील. पण रोजची दैनंदिनी लिहीत. पहाटे उठलो, प्रार्थना केली, कोण भेटले, काय बोलणे झाले. 1910 ते 1912 या काळातल्या त्यांच्या शिर्डीच्या मुक्कामाची माहिती आज मिळते, ती अशा साध्या नोंदींतून. माणसाच्या नावानिशी लिहिलेली साधी नोंद पुढे इतिहास होते.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि एका लग्नात हजार फोटो निघतात. पण मोबाइल पाण्यात पडला, की हजारही जातात. म्हणून माझे एक सांगणे ऐका. वर्षातून बाराच फोटो निवडा, काकांच्या रोलइतके. ते कागदावर छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, केव्हा. बॉलपेन दाबून लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि फोटोत घरच्यांबरोबर कामावरचा माणूस असेल, तर त्याचेही नाव लिहा. त्याला एक प्रत द्या.

शिक्षकमित्रांनो, दिवाळीच्या सुटीत मुलांना एवढाच अभ्यास द्या: घरातला एक जुना फोटो घ्यायचा, आजी-आजोबांजवळ बसायचे आणि त्यातल्या प्रत्येकाचे नाव विचारून वहीत लिहायचे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

आमच्या पोळ्याच्या फोटोची एक प्रत आता अकोल्यात एका भिंतीवर आहे, पुरी, न कापलेली. दुसरी माझ्याजवळ आहे. तिच्या मागे बैलांच्या नावांखाली मी दोन नावे लिहिली आहेत. एक आजीचे आणि दुसरे त्या वेसण धरणाऱ्या माणसाचे.