राबणं वेगळं, चालणं वेगळं

आज आम्ही बचतीवर बोलणार नाही आणि कर्जाच्या हप्त्यावरही नाही. पण विषय आला आहे तो गटाच्या वहीतूनच.

गटातून अंतर्गत कर्ज घेताना कारण लिहावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बियाणं, शेळी, पोरांची फी, घराचे पत्रे. अलीकडे आमच्या वह्यांमध्ये ‘दवाखाना’ हे कारण फार दिसायला लागलं. बैठकीत शेजारी बसून हळूच विचारलं, की बऱ्याच जणी एकच शब्द सांगतात, शुगर. आमच्या एका ताईंनी पायाच्या बोटाच्या ऑपरेशनसाठी तीस हजार उचलले. रानात अनवाणी चालताना काटा रुतला होता, आणि तो त्यांना दुखलाच नाही. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाची जाणीव कमी होते. जखम आतल्या आत चिघळली, बोट काढावं लागलं. त्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

डॉक्टर गोळ्या देतात आणि म्हणतात, रोज चालत जा. घरी आलं की गोळ्या डब्यात जातात आणि चालणं विसरून जातं. आम्ही बैठकीत विषय काढला, तेव्हा सगळ्या हसल्या. “अहो ताई, दिवसभर रानात राबतो आम्ही. व्यायाम शहरातल्या बायकांना सांगा.”

हे बोलणं चुकीचं आहे असं आम्ही म्हणणार नाही. खुरपणं, पाणी भरणं, वैरणीचा भारा आणणं, यात अंग हलतं आणि अंग हलतं तेवढी साखर वापरलीही जाते. पण खुरपताना आपण तासन्‌तास उकिडव्या बसतो. कंबर मोडते, पण सगळं अंग सलग हलत नाही, दम लागत नाही. दुसरं म्हणजे रानातलं काम सुगीचं असतं. काढणी झाली, की उन्हाळ्यात महिना-महिना काम नसतं. शुगरला अशी सुट्टी नसते.

आता हे होतं कसं ते सांगतो. जेवणातली साखर रक्तात येते. तिथून ती अंगातल्या पेशींमध्ये जायला इन्सुलिन लागतं, म्हणजे दाराची किल्लीच म्हणा. आपल्यापैकी बहुतेकींना जो मधुमेह असतो, त्यात ही किल्ली नीट फिरत नाही, म्हणून साखर रक्तातच साठते. पण मांड्यांचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू चालायला लागले, की ते त्या किल्लीची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. चालणं थांबल्यावरही किल्ली काही काळ बरी फिरते. हा गुण साधारण एक-दोन दिवस टिकतो, मग उतरतो. म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. आळंदीहून पंढरपूरला अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून आलेल्या माउलीही घरी येऊन बसल्या, तर वारीतलं चालणं कार्तिकीपर्यंत पुरत नाही.

किती चालायचं? आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. चाल अशी हवी की शेजारणीशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं तर फारच कामाची, कारण साखर तेव्हाच चढत असते. आपल्याकडे बाई जेवते सगळ्यांत शेवटी आणि जेवली की भांडी आवरून आडवी होते. रात्री उशिरा जेवून लगेच झोपणं शुगरसाठी वाईट. भांडी दहा मिनिटं थांबली तर कुणाचं अडत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ओट्यावरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-बारा वेळा करा, भिंतीला हात टेकून ढकला. स्नायूंत ताकद आली की साखर वापरायला जागा वाढते.

खरी अडचण वेगळी आहे, तीही बोलूया. एकटी बाई संध्याकाळी रस्त्याने चालली, की पारावरचे विचारतात, “कुठं निघालीस? घरी काम नाही वाटतं?” सासू चालायला जाते आणि सून भांडी घासते, यावरूनही घरात कुरबुर होते. आमच्या एका गटाने यावर उपाय काढला. साप्ताहिक बैठक संपली की सगळ्या मिळून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतात. इतर दिवशी पाच-सहा जणी ठरल्या वेळेला देवळाच्या पटांगणात जमतात, हातात बॅटरी घेऊन. सुना पण येतात. पाच जणींना कुणी विचारत नाही.

आता जपायचं काय, हे नीट ऐका. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी खाणाऱ्या बाईची साखर चालताना एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. लगेच बसा आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या. बाई बेशुद्ध पडली तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. म्हणून पदराला साखरेची पुडी बांधूनच निघा. उपवासाच्या दिवशी तर जास्तच जपा. सोमवार, एकादशी, नवरात्र, गोळी घेऊन उपाशीपोटी चालणं हे संकट ओढवून घेणं आहे. उपवास धरायचा असेल तर गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारा. चालताना छातीत दुखलं किंवा फार धाप लागली, तर थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पायात चप्पल हवीच, पुढून बंद असेल तर उत्तम. रात्री तळपाय बघा, दिसत नसेल तर आरसा धरा किंवा लेकीला बघायला सांगा. गरम पाण्यात पाय शेकू नका. जाणीव कमी असली तर भाजलेलं कळत नाही.

चालून शुगर उतरली म्हणून गोळ्या आपल्या आपण बंद करू नका. कमी करायच्या की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

तीस वर्षांच्या पुढच्या ज्या मैत्रिणींनी अजून तपासणीच केली नाही, त्यांनी आशाताईंना सांगा. उपकेंद्रात बोटाच्या एका थेंबावर तपासणी होते. उपाशीपोटी 126 किंवा जास्त आली तर दवाखान्यात पुन्हा तपासून घ्यायची. पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे कागद आहे त्यांनी तो घेऊन या, आणि चप्पल घालून या. बैठक संपली की मैदानाला तीन फेऱ्या.